पाचवे शील मोडले, तरी परतीची वाट आहे

रविवारी विहारात वंदना सुरू होते. त्रिशरण होते, पंचशील होते. पण पाचवे शील ज्याने म्हणायला हवे, तो बहुधा आलेलाच नसतो. रात्रीची उतरलेली नसते, नाहीतर ‘कोणत्या तोंडाने जाऊ?’ ही लाज असते. त्याची बायको मुलांना घेऊन एकटीच मागे बसते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. ती पिणाऱ्यालाही पाठ असते. तरी तो पितो, कारण दारूचे व्यसन हा आजार आहे. मधुमेह झालेल्याला आपण शपथा घालत नाही, दवाखान्यात नेतो. मग इथेच शिव्या, शपथा आणि मारहाण का?

दवाखान्यातून आल्यावर खरी कसोटी लागते. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, जुने मित्र सगळे तिथेच असतात. अशा वेळी आधार देणारी जागा म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजेच ए.ए.ची मिटिंग. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात दारूने घेरलेले दोघे जण भेटले. एक शेअर बाजारात काम करणारा, दुसरा डॉक्टर. आपल्यासारख्याच दुसऱ्याशी बोलत राहिले की आजचा दिवस न पिता काढता येतो, हे त्यांना उमगले. त्यातून ही चळवळ उभी राहिली.

मिटिंगमध्ये काय होते?

एखाद्या शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल. पंधरा-वीस खुर्च्या, चहा. तास-दीड तास एकेक जण आपला अनुभव सांगतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करत नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, जमेल त्याने टाकावे, नसेल तर नको. आडनाव, जात, नोकरी कोणी विचारत नाही. बोलायचे नसेल तर नुसते ऐकावे. अट एकच: दारू सोडायची इच्छा हवी.

वस्तीत कोणी ओळखेल अशी भीती असेल, तर घाटकोपरच्या माणसाने मुलुंडला जावे, बोरिवलीच्याने अंधेरीला. लोकलचे तिकीट क्वार्टरपेक्षा स्वस्तच पडते.

‘तिथे देवाचे नाव घेतात ना?’

हा प्रश्न आपल्या घरांतून हमखास येतो. ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख आहे, आणि अनेक ठिकाणी प्रार्थनाही होते. पण देव मानण्याची सक्ती नाही. आपल्यापेक्षा मोठी शक्ती म्हणून अनेक जण त्या समूहालाच मानतात. आपण बुद्धाला आणि धम्माला शरण जातो, तसेच संघालाही जातो. एकट्याने जे पेलत नाही ते सोबतीने पेलते, हे आपल्याला नवे नाही. प्रार्थनेच्या वेळी शांत बसावे. तेवढ्यासाठी मिटिंग सोडू नये.

शोधायची कशी?

• १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. फोन मोफत आहे.
• सायन, केईएम, नायर, कूपर या पालिका रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. तिथे उपचारही होतात आणि मिटिंगबद्दलही विचारता येते.
• इंटरनेटवर ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर पाहा. मराठी मिटिंग हवी, असे स्पष्ट सांगा. जाण्याआधी फोन करून वार आणि वेळ पक्की करा.
• काही मिटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, काही सगळ्यांसाठी खुल्या. घरच्यांना सोबत जायचे असेल तर खुली मिटिंग विचारा.

दोन धोके

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. हात थरथरणे, फिट येणे, भास होणे असे दोन-तीन दिवसांत होऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. दुसरे, ‘दारू सोडवणारी’ पावडर किंवा गोळी चहा-भाजीत लपवून देऊ नका. काही गोळ्यांवर दारू पोटात गेली तर माणूस दगावू शकतो.

ताईंनो, तुमच्यासाठीही

तो जायला तयार नसेल तरी तुम्ही जाऊ शकता. अल-अॅनॉन ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची वेगळी मिटिंग असते. ‘माझ्यामुळेच पितो का?’ हा प्रश्न मनात घेऊन बसलेल्या कितीतरी जणी तिथे भेटतात. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बाईला स्वतःला व्यसन असेल, तर तिलाही ए.ए.चे दार उघडे आहे.

चार महिने सोडून तो पुन्हा प्यायला, तर ‘सगळे फुकट गेले’ म्हणू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटिंगला पाठवा. तिथे त्याला कोणी हाकलत नाही.

विहार समित्यांना एक विनंती. फलकावर हेल्पलाइनचा नंबर लिहा. आठवड्यातून एक संध्याकाळ मिटिंगसाठी हॉल देता येईल का, याचा विचार करा. आणि तो माणूस रविवारी दारात दिसला, तर कालचे काही विचारू नका. पुढच्या चटईवर जागा द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!