मुलांच्या हातची भाजी

इथे अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांना टोमॅटो कुठून येतो विचारलं, तर 'स्टोअरमधून!' हे उत्तर ठरलेलं. आपली मराठी मुलंही त्यात आलीच.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये एलेन एडी शॉ यांनी १९१४ मध्ये मुलांची बाग सुरू केली. तिथे आजही मुलं स्वतः बी पेरतात, तण काढतात आणि आलेली भाजी घरी नेतात.

एका दिवसाच्या सहलीत झाडांवरच्या पाट्या वाचून होतात, इतकंच. पण त्याच वाफ्याकडे पुन्हापुन्हा गेलं, की न उगवलेलं बीसुद्धा काहीतरी शिकवून जातं.

ब्रुकलिन लांब पडत असेल, तर घरीच कुंडीत मेथी पेरा. ती कधी खुडायची, हे मुलांना व्हिडिओ कॉलवर आजीलाच विचारू द्या.