प्रेस ब्रेक व त्याचा चालक

प्रेस ब्रेक व त्याचा चालक : धातूचा सपाट पत्रा एका सरळ रेषेत इष्ट कोनात वाकविणाऱ्या दाबयंत्रास प्रेस ब्रेक म्हणतात. कारखान्यांच्या बोलीत मात्र ‘बेंडिंग मशीन’ आणि ‘बेंडिंग ऑपरेटर’ हीच नावे रूढ आहेत. विद्युत् नियंत्रणाच्या पेट्या, पोलादी कपाटे, यंत्रांची आवरणे, वातानुकूलनाच्या हवावाहिन्या, छपराची पन्हळे व कोन इ. वस्तू पत्रा वाकवूनच आकारास येतात. पत्राकामात कापणे, भोके पाडणे, वाकविणे, जोडणे व रंगविणे असा क्रम असतो. त्यांपैकी वाकविण्याच्या टप्प्यावर पत्र्याला प्रथमच तिसरी मिती लाभते. म्हणून येथे झालेली चूक सर्वांत महाग पडते. तोवर पत्रा मापात कापून त्यास भोकेही पाडलेली असतात, आणि एकदा वाकलेला पत्रा पुन्हा सरळ केला, तर त्या रेषेवर धातू कठीण व ठिसूळ होऊन बहुधा निकामी ठरतो.

पत्र्याचे हातकाम महाराष्ट्रात जुने आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांबे व पितळ ठोकून भांडी घडविण्याची परंपरा पेशवेकाळापासून चालत आली आहे, तर गावोगावचे पत्रेकारागीर कातर, मोगरी आणि लोखंडी पट्टी एवढ्या साधनांवर धान्याच्या कोठ्या, ट्रंका व पन्हळे करीत आले. मोठ्या प्रमाणावरील कारखानी पत्राकामाचे ठळक उदाहरण म्हणजे मुंबईतील गोदरेज. या कारखान्याने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनविण्यास प्रारंभ केला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी विक्रोळी येथे बारा लाखांहून अधिक मतपेट्या तयार केल्या. अशा कामात एकाच मापाची घडी हजारो वेळा बिनचूक पडावी लागते. ती मोगरीने साधत नाही.

यंत्राची रचना कल्पनेला सोपी आहे. खाली स्थिर मंचावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची खाच असलेली डाय बसविलेली असते आणि वरच्या हलत्या तुळईवर (रॅमवर) पाचरीसारख्या टोकाचा पंच असतो. पत्रा दोहोंमध्ये ठेवून पायपट्टी दाबली, की पंच खाली येऊन पत्र्यास खाचेत रेटतो. मागील बाजूस असलेला टेकू (बॅक गेज) पत्र्याची कड किती आत जावी हे ठरवितो. जुन्या यांत्रिक प्रकारात जड गतिचक्राची ऊर्जा क्लचमार्फत रॅमला मिळते. द्रवीय प्रकारात तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर असतात. सर्व्होमोटारीवर चालणारी यंत्रेही आता वापरात आहेत. संगणकीय अंकीय नियंत्रण (सीएनसी) आल्यापासून रॅमची खोली व टेकूचे अंतर पडद्यावर आकडे भरून ठरविता येते. यावरून चालकाचे काम पायपट्टी दाबण्यापुरतेच उरले, असा समज होतो व पुष्कळ ठिकाणी त्याला अर्धकुशल कामगारांत गणले जाते. हा समज कामाचे स्वरूप न पाहता झालेला आहे.

चालकापुढचा पहिला प्रश्न खाचेच्या रुंदीचा असतो. सौम्य पोलादाच्या पातळ पत्र्यास साधारणपणे जाडीच्या आठपट रुंदीची खाच घेतात, २ मिमी. जाडीच्या पत्र्यास १६ मिमी. अशा खाचेत घडीची आतील त्रिज्या सु. २·५ मिमी. येते आणि एक मीटर लांबीच्या घडीस सु. १६ ते १७ टन बल लागते. बल जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तीच खाच ठेवून ४ मिमी. पत्रा वाकवू गेल्यास चौपट बल लागेल. खाचही दुप्पट रुंद घेतली, तर मात्र बल दुप्पटच लागते. हे गणित चुकल्यास, विशेषतः आखूड हत्यारावर सगळा भार एकवटल्यास, पंच वा डाय फुटून तिचे तुकडे उडू शकतात.

दुसरा प्रश्न पत्र्याच्या लांबीचा. वाकताना घडीच्या बाहेरील बाजूचा धातू ताणला जातो व आतील बाजूचा दबतो. मधल्या उदासीन अक्षाची लांबी तेवढी कायम राहते. हा अक्ष जाडीच्या नेमक्या मध्यावर नसून आतल्या अंगास थोडा सरकलेला असतो. तो आतून जाडीच्या ०·४२ इतक्या अंतरावर धरला, तर वरील पत्र्याच्या काटकोनी घडीत सु. ५·२५ मिमी. लांबी खर्च होते. बाहेरून मोजून ५० व १०० मिमी. बाजू असलेला कोन हवा असेल, तर पत्रा १५० मिमी. न कापता सु. १४६·२५ मिमी. कापावा लागतो. प्रत्येक घडीत पाव मिलिमीटर चूक राहिली, तरी चार घड्यांच्या पेटीत ती एक मिलिमीटर होते व झाकण बसत नाही. कारखान्यात भांडण बहुधा येथेच होते : आराखडा काढणारा कापणाऱ्याकडे बोट दाखवितो, कापणारा वाकविणाऱ्याकडे. जाणता चालक म्हणून नव्या कामात आधी त्याच पत्र्याचा एक तुकडा वाकवून मोजून पाहतो व आकडा स्वतःच्या वहीत टिपून ठेवतो. अशी वही संगणकाच्या कोष्टकापेक्षा अनेकदा अधिक विश्वसनीय ठरते, कारण तिच्यातील आकडे त्याच यंत्रावर, त्याच हत्याराने आलेले असतात.

तिसरा व सर्वांत नाजूक भाग म्हणजे स्थितिस्थापकतेमुळे पत्र्याने घेतलेली उलट उसळी (स्प्रिंग बॅक). दाब निघताच घडी किंचित उघडते. सौम्य पोलादात हे उघडणे एक-दोन अंशांचे असते, अगंज (स्टेनलेस) पोलादात त्याहून अधिक. ९० अंश हवे असल्यास घडी आधी ८८-८९ अंशांपर्यंत न्यावी लागते. पत्रा खाचेच्या तळाशी न टेकविता हवेतच वाकविण्याच्या पद्धतीत कोन रॅमच्या खोलीवर अवलंबून असतो आणि १६ मिमी. खाचेत खोलीत ०·१ मिमी.च्या आसपास फरक पडला, तरी कोन जवळजवळ एक अंशाने बदलतो. एकाच गठ्ठ्यातील पत्र्यांची जाडी व कठिणपणा तंतोतंत सारखा नसतो. लाटणाच्या दिशेला समांतर घडी घातल्यास कडेला चिरा पडण्याचा संभव असतो. लांब पत्र्यात आणखी एक अडचण येते. भाराखाली मंच व तुळई मध्यभागी थोडी लवते, परिणामी घडीची टोके बंद व मध्य उघडा राहतो. नव्या यंत्रांत हे लवणे भरून काढण्याची योजना असते. जुन्या यंत्रांवर चालक डायखाली मध्यभागी कागदाच्या किंवा पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवितात. उपाय ओबडधोबड दिसतो खरा, परंतु कोणत्या जागी किती पट्ट्या हे कळायला वर्षे जातात.

घड्यांचा क्रम ठरविणे हेही त्याचेच काम. पेटीची तिसरी बाजू वाकविताना आधी उभी राहिलेली बाजू पंचावर आदळणार नाही ना, शेवटच्या घडीनंतर पत्रा यंत्रातून बाहेर निघेल ना, टेकूला टेकायला सरळ कड उरेल ना, हे सर्व पहिली घडी घालण्यापूर्वी मनाने पाहावे लागते. अशा कामी हंसाच्या मानेसारखा वाकडा पंच योजतात.

धोका व संरक्षण : या यंत्रावर चालकाचे हात हत्याराच्या अगदी जवळ असतात. यांत्रिक यंत्राचा क्लच एकदा गुंतला, की फेरा पूर्ण झाल्याखेरीज रॅम भरवशाने थांबविता येत नाही. द्रवीय यंत्र मध्येच थांबविता येते, म्हणून ते अधिक सुरक्षित. नव्या यंत्रांत पंचाच्या टोकाखाली लेसर किरणांचा पडदा असतो. रॅम आधी वेगाने उतरतो व पत्र्याजवळ येताच सेकंदास १० मिमी. किंवा त्याहून कमी गतीने चालतो. बोटांखेरीज दुसराही एक धोका आहे. मोठा पत्रा वाकताना त्याची पुढची बाजू झपाट्याने वर उचलली जाते व पत्रा आणि तुळई यांच्यात हात चेपतो किंवा कडेचा तडाखा चेहऱ्यावर बसतो. दोघे मिळून पत्रा धरीत असतील, तर पायपट्टी एकाच्याच ताब्यात असावी आणि मदतनिसाने तोंडी होकार दिल्यावाचून ती दाबू नये, हा नियम कोणत्याही उपकरणाइतकाच मोलाचा आहे. लहान तुकडे बोटांनी न धरता चुंबकाने किंवा चिमट्याने धरावेत.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ अन्वये यंत्राच्या धोकादायक भागांस संरक्षक आवरण बंधनकारक करण्यात आले व कलम २३ अन्वये धोकादायक यंत्रांवर पुरेशा शिक्षणावाचून किंवा देखरेखीवाचून तरुण कामगारास काम देण्यास मनाई करण्यात आली. २०२० मध्ये संमत झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत हा अधिनियम इतर अधिनियमांसह एकत्र करण्यात आला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाच्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास अर्जनक्षमतेची हानी ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गमावल्यास १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गमावल्यास ५० टक्के धरली होती. दोन्ही हातांनी पत्रा पेलून, कड टेकूला लागल्याचे बोटांनी जाणून काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही टक्केवारी तोकडी वाटते. संरक्षक उपकरण उत्पादनाचा वेग कमी करते म्हणून ते बंद करून ठेवण्याची सवय लहान कारखान्यांत आढळते. तिचा दोष केवळ चालकावर टाकणे न्याय्य नव्हे, कारण नगांची संख्या तो ठरवीत नाही.

पुण्याचा उद्योगपट्टा पिंपरी-चिंचवड व भोसरीपुरता न राहता पुणे–सातारा महामार्गाने दक्षिणेकडेही पसरला आहे. भोर तालुक्यातील कामथडी, नसरापूर यांसारखी गावे या रस्त्याच्या पट्ट्यात येतात आणि नीरा नदीपलीकडील शिरवळचे औद्योगिक क्षेत्रही त्यांच्या आवाक्यात आहे. भोर-वेल्हे भागातील शेती मुख्यतः भाताची व पावसावर अवलंबून असल्यामुळे तरुणांना अशा रोजगाराचे महत्त्व मोठे आहे. ज्या मुलाने घराच्या पन्हळी पत्र्यावरून पाणी कसे उतरते व कोनाची घडी बेताची नसेल तर ते कोठून गळते हे पावसाळाभर पाहिले आहे, त्याला घडीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शीट मेटल वर्कर हा व्यवसाय शिकविला जातो आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली कारखान्यात उमेदवारी करता येते. प्रत्यक्षात मात्र बरेच चालक मदतनीस म्हणून पत्रे उचलता-उचलता, वरिष्ठाचे हात पाहून तयार होतात. या वाटेने हात बसतो, पण आराखडा वाचणे, बलाचे कोष्टक पाहणे व कोनमापकाने मोजणे या गोष्टी राहून जातात. पुढे सीएनसी यंत्र आले, की असा अनुभवी माणूस पडद्यापुढे अडतो आणि पडदा येणारा नवखा माणूस पत्र्यापुढे. यंत्रमानव व कोन स्वतःच मोजणारी यंत्रे मोठ्या, एकसारख्या नगांसाठी परवडतात. पाच-दहा नगांची फुटकळ कामे ज्या कारखान्यांत होतात, तेथे पहिला तुकडा वाकवून गुण्याला लावून पाहणारा चालकच आजही लागतो.