मार्कांआधी विचारा, "जमते का रे?"

भंडाऱ्याहून नागपूर सुमारे ६० किलोमीटर; पण धानाच्या बांधावरून वसतिगृहात गेलेल्या मुलाला तो परदेशच वाटतो. आमच्याकडे मी दोन तऱ्हेची घरे पाहतो. एका घरी फोनवर पहिला प्रश्न मार्कांचा. तिथला मुलगा नापास झाल्याचेही लपवितो. दुसऱ्या घरी कुणी काही विचारीतच नाही. तिथली मुलगी एकटी पडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६६ साली लहान मुलांसाठी तिसरी वाट सांगितली: शिस्त हवी, पण मायेने आणि कारण सांगून. कॉलेजातल्या मुलांनाही ती लागू पडते, असे मला वाटते.

तेव्हा आईबापहो, दिवाळीला मूल घरी आले की गुणपत्रिकेआधी विचारा, "जेवणाखाण्याचे जमते ना? मित्र मिळाले का?" अडचण घरी सांगता आली, तर अपयशही वेळेवर सावरते.