फांदी वेगळी, झाड एकच

मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंचा हप्ता थकीत निघाला. ताईंनी पिशवीतून पावती काढून दाखवली, तेव्हा आम्ही खजील झालो. झालं होतं असं, की कर्जाची यादी दोघींनी आपापल्या संगणकावर दुरुस्त केली आणि नंतर आलेल्या फाइलने आधीची नोंद पुसली.

आमच्यातल्या एकीची मुलगी संगणक शिकते. तिने आम्हाला ‘गिट’ दाखवलं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी हे साधन बनवलं. ते मोफत मिळतं.

गिटमध्ये बदल करून झाला की ‘कमिट’ करायचं, म्हणजे नोंद पक्की करायची. कोणी, कधी, काय बदललं ते तिथे राहतं. कारण आपण दोन शब्दांत लिहायचं. पक्की यादी ‘मेन’ या मुख्य शाखेवर असते. नवं काम करताना तिला हात लावायचा नाही. आपल्या कामाची वेगळी शाखा, म्हणजे ‘ब्रांच’ काढायची. शाखा म्हणजे सगळ्या फाइलींची नक्कल नव्हे. ती शेवटच्या नोंदीवर लावलेली नावाची चिठ्ठी असते, म्हणून क्षणात तयार होते. चुकलं तरी मुख्य यादी शाबूत राहते.

काम तपासून झालं की दोघींच्या शाखा एका संगणकावर आणून मुख्य शाखेत मिसळायच्या. याला ‘मर्ज’ म्हणतात. एकीने वरच्या आणि दुसरीने खालच्या ओळी बदलल्या असतील, तर गिट दोन्ही बदल आपोआप घेतं. दोघींनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर मात्र ते थांबतं आणि दोन्ही मजकूर समोर ठेवतं. याला ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात. घाबरू नका, हे भांडण नव्हे. पावती काढायची, बरोबर आकडा ठेवायचा, खुणेच्या रेघा पुसायच्या आणि पुन्हा कमिट करायचं. खरं काय ते गिटला कळत नाही, ते पावतीलाच ठाऊक.

दोन गोष्टी आम्ही अनुभवातून शिकलो. यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एका ओळीत एक सभासद अशी ठेवावी. एक्सेलच्या फाइलमध्ये गिटला अशी ओळीओळीने जुळणी करता येत नाही. दुसरं, शाखा फार दिवस लोंबकळत ठेवू नये. आम्ही बैठकीच्या आदल्या दिवशी मर्ज करतो.

आता यादी वाचताना कोणी विचारलं, “हा आकडा कोणी बदलला?” तर आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत नाही. नोंद उघडून दाखवतो.