मोटारीचें तेल आणि आपली हवा



बैलगाडीच्या आंसाला वंगण घालणाऱ्या गाडीवानास तेलाच्या निवडीची चिंता कधीं पडली नाहीं. जें हातीं येईल तें चोपडावें, आणि चाक कुरकुरूं लागलें कीं पुन्हां चोपडावें, एवढेंच त्याचें शास्त्र. मोटारीच्या मालकाचें तसें नाहीं. दुकानांत त्याच्यापुढें डब्यांची रांग उभी राहते आणि त्यांवर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० असे बीजगणितांत शोभणारे आंकडे असतात. तो गोंधळून मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहतो. मिस्त्री म्हणतो, "साहेब, आपल्याकडे ऊन केवढें! जाड तेल घाला, इंजिन थंड राहील." हा सल्ला बहुधा प्रामाणिकपणें दिलेला असतो, पण आजच्या बहुतेक गाड्यांच्या बाबतींत तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत मालकास मोजावी लागते.

प्रथम त्या आंकड्यांचा अर्थ पाहूं. अमेरिकेंत मोटार-अभियंत्यांची एक संस्था १९०५ सालीं स्थापन झाली. तिच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें, एस्.ए.ई., आपणांस डब्यावर दिसतील. तेलाच्या दाटपणास क्रमांक देण्याची पद्धत या संस्थेनें १९११ सालीं सुरू केली. दाटपणा म्हणजे तेलाचें वजन नव्हे आणि त्याचा चांगुलपणाहि नव्हे. वाहतांना तेल जो विरोध करतें तो दाटपणा. एकाच उतारावर पाणी आणि काकवी ओतून पाहावी, म्हणजे निराळें सांगावें लागणार नाहीं. आतां हा दाटपणा उष्णतेनें झपाट्यानें कमी होतो. मोटारीचें सामान्य तेल ४० अंश सेंटिग्रेडवर जेवढें दाट असतें, त्याच्या सुमारें सहाव्या हिश्शाइतकें तें १०० अंशांवर उरतें. म्हणून एकाच तेलाला दोन क्रमांक लागतात. मधलें डब्ल्यू हें अक्षर हिंवाळ्याच्या इंग्रजी नांवांतलें. त्याच्या आधींचा आंकडा थंडींतली वागणूक सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनांतली. पहिला आंकडा जितका लहान, तितकें तेल कडाक्याच्या थंडींत सहज वाहणार. २०डब्ल्यू या जातीच्या तेलाची इंजिन फिरवण्यासंबंधींची परीक्षा शून्याखालीं १५ अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची शून्याखालीं ३० अंशांवर, आणि ०डब्ल्यूची शून्याखालीं ३५ अंशांवर.

एकच तेल थंडींत पातळ आणि तापल्यावर पुरेसें दाट कसें राहतें, असें कोणी विचारील. त्यांत लांब सांखळीसारखे रेणू मिसळलेले असतात. थंडींत ते अंग चोरून असतात, उष्णतेनें पसरतात आणि तेलाला पातळ होऊं देत नाहींत. पूर्वी हा उपाय नव्हता. तेव्हां आपलें एरंडेल कामास येई. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांचीं इंजिनें एरंडेलावर चालत, आणि कॅस्ट्रॉल हें आज सर्वपरिचित असलेलें नांव एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच पडलें आहे. असो.

आतां हवेचा प्रश्न. मे महिन्यांत नागपुरास पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर पुण्यास जानेवारीच्या पहांटे तो १० अंशांच्या आसपास येतो. हा फरक आपल्या जिवाला मोठा. पण चालत्या इंजिनाला त्याचें फारसें सोयरसुतक नसतें. इंजिनाभोंवतीं खेळणारें पाणी थर्मोस्टॅट नांवाच्या झडपेमुळें ९० अंशांच्या आसपास राखलें जातें. तेल त्याच सुमारास किंवा थोडें अधिक तापतें, मग बाहेर नागपूर असो कीं महाबळेश्वर. आपला उन्हाळा कडक म्हणून दुसरा आंकडा ३० चा ५० करावा, या तर्काला यामुळें आधार उरत नाहीं. उलट, जाड तेल घुसळण्यांत इंजिनाची शक्ति खर्च होते. त्या घर्षणानें तेल अधिक तापतें, आणि पेट्रोलहि जास्त लागतें. इंजिन थंड राहण्याची गोष्ट दूरच!

मग ही समजूत आली कोठून? ती उगीच आलेली नाहीं. अँबॅसेडर आणि पद्मिनी या गाड्यांच्या काळीं इंजिनांतील भागांमधल्या फटी मोठ्या असत, आणि २०डब्ल्यू-४० सारखें जाड तेल त्यांना मानवे. अँबॅसेडर बनणें २०१४ सालीं बंद झालें. मुंबईच्या रस्त्यांवरील काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनींहि २०२३ च्या ऑक्टोबरांत निरोप घेतला. गाड्या गेल्या, तोडगा राहिला. आजच्या इंजिनांत तेल केवळ वंगण नसतें. झडपा कधीं उघडाव्या याची वेळ कित्येक इंजिनांत तेलाच्या दाबानेंच मागेंपुढें होते, आणि आंतली सांखळीहि पुष्कळदां त्याच दाबावर ताणलेली राहते. त्यासाठीं कोरलेल्या वाटा फार अरुंद असतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडींत तेल तळाशीं उतरलेलें असतें. सकाळीं किल्ली फिरवल्यावर तें पुन्हां वर पोंचेपर्यंतचा काळ इंजिनाच्या झिजेचा. जाड तेलाला हा काळ अधिक लागतो.

याचा अर्थ पातळ तेल सर्वांना हितकर, असा मात्र नव्हे. ज्या इंजिनास बनविणाऱ्यानें ५डब्ल्यू-४० सांगितलें आहे, तेथें ०डब्ल्यू-२० घातलें तर तापलेल्या बेअरिंगवरचा तेलाचा थर फार पातळ होईल. खरा अधिकार गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेचा. पुष्कळ पुस्तिकांत हवेच्या तपमानाप्रमाणें चालणाऱ्या तेलांचा तक्ता दिलेला असतो. त्या तक्त्यांत दोन तेलें बसत असतील, आणि भरलेली गाडी घेऊन वारंवार घाट चढावा लागत असेल, तर त्यांतलें जाड घ्यावें. हवेचा आणि कामाचा विचार करावयाचा तो एवढ्या मर्यादेंत. लेहला हिंवाळा काढणाराची, किंवा कॅनडांत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांची गोष्ट वेगळी. तेथें पहिला आंकडा चुकला तर सकाळीं इंजिन फिरतच नाहीं.

पुस्तिकेंत आंकड्यांशिवाय तेलाची प्रतहि लिहिलेली असते. ती लोक वाचीत नाहींत. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे लागू झालेल्या भारत-सहा नियमांच्या डिझेल गाड्यांपैकीं पुष्कळींत धुराड्याच्या वाटेवर काजळी अडविणारी गाळणी असते. भलत्या प्रतीच्या तेलाची राख तींत सांचत जाते, आणि ती गाळणी फार महाग पडते. तसेंच, उरलेलें मोटारीचें तेल मोटारसायकलींत ओतूं नये. पुष्कळ मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो व तो घसरूं लागतो.

हवेपेक्षां मोठा प्रश्न गाडी वापरण्याच्या रीतीचा आहे, आणि तो विशेषतः आमच्यासारख्या सेवानिवृत्तांच्या घरांतला. मंडईपर्यंत दोन किलोमीटर जाणें, देवळापर्यंत एक, आणि मग चार दिवस गाडी उभी. असें इंजिन पुरतें तापतच नाहीं. जळलेल्या पेट्रोलांतून निघालेली पाण्याची वाफ आंतच थिजते, न जळलेलें थोडें पेट्रोल तेलांत उतरतें, आणि तेल आंबट होत जातें. पावसाळ्यांत तर याला ऊत येतो. कित्येक पुस्तिकांत तेल बदलण्याची मुदत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतलें जें आधीं घडेल तें, अशी असते. आमचे लोक किलोमीटर तेवढे पाहतात! वर्षांत तीनच हजार झाले, तेल अजून नवें आहे, असें समाधान मानतात. अशा गाडीचें तेल वर्षाला बदलावेंच, आणि आठवड्यांतून एकदां तरी तिला अर्धा तास सलग चालवून आणावें. विजेच्या गाडीला अर्थात् या तेलाची यातायात नाहीं.

तेल किती आहे हें पाहण्यासाठीं गाडी सपाट जागेवर उभी करावी, इंजिन बंद करून दहा मिनिटें थांबावें, दांडी पुसून पुन्हां घालावी आणि मग वाचावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. पुष्कळ गाड्यांत त्या खुणांमधलें अंतर सुमारें एका लिटराचें असतें; म्हणून भर घालावयाची ती थोडी थोडी घालावी. वरच्या खुणेच्या पलीकडे तेल गेलें तर आंतला दांडा तें घुसळून त्याचा फेंस करतो, आणि फेंसानें वंगणाचें काम होत नाहीं.