डीपीआयचा आकडा आणि मनगटाचा हिशेब

भाच्याच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळलेलं पाहून मला वाटलं, क्रिकेट खेळताना पडला असेल. ताई म्हणाली, ‘‘कसलं क्रिकेट! कॉम्प्युटरवर बंदुका चालवून चालवून झालंय ते.’’ भाच्याची कैफियत वेगळी होती. ‘‘मामा, मी माऊस जोरात फिरवला की नेम थेट आकाशात जातो. मित्र म्हणतात, तुझा हातच कच्चा आहे. म्हणून रोज दोन तास जास्त प्रॅक्टिस करतोय.’’

माऊस साठवलेल्या पैशातून घेतलेला होता. सात रंगांचे दिवे, पोटाला जाळी आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘12,800 डीपीआय’. किंमत हजाराच्या आत. सेन्सर कोणता, याचा खोक्यावर कुठेच उल्लेख नव्हता. मला पहिली शंका आली ती तिथेच.

माऊसच्या पोटात खरं तर एक चिमुकला कॅमेरा असतो. लाल किंवा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा टेबलावर तिरपा प्रकाश टाकतो. सायंकाळच्या उन्हात रस्त्यावरचे बारीक खडेसुद्धा लांब सावल्या टाकतात, तसे कापडाचे धागे आणि लाकडाचे उंचवटे त्या प्रकाशात उठून दिसतात. कॅमेरा त्यांचे सेकंदाला हजारो फोटो काढतो. फोटो अगदी बारका, बाजूला जेमतेम काही डझन ठिपके. शेजारची चिप लागोपाठचे दोन फोटो एकमेकांवर सरकवून पाहते आणि ते कुठे जुळतात यावरून माऊस किती आणि कुठल्या दिशेला हलला ते ठरवते. गुळगुळीत काचेवर माऊस अडखळतो तो यामुळेच. जुळवायला खुणाच सापडत नाहीत. चकचकीत सनमायकाच्या टेबलावरही थोडंफार तसंच होतं; साधा कापडी पॅड घातला की निम्म्या तक्रारी मिटतात.

नव्वदच्या दशकात सायबर कॅफेत बसलेल्यांना रबरी गोळीचा माऊस आठवत असेल. गोळी काढायची, आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा आणि पुन्हा बसवायची. 1999 मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला आणि गोळी जायला लागली. त्याचा सेन्सर सेकंदाला 1,500 फोटो काढायचा. त्या पिढीतले सेन्सर सेकंदाला 12-14 इंच वेगापर्यंतच माग काढू शकत. पत्रं टाईप करायला तेवढं पुरे होतं, खेळाला नव्हतं.

आता खोक्यावरच्या त्या आकड्याकडे येऊ. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो संगणकाला किती पावलं मोजून कळवतो ते. आपला नेहमीचा पडदा 1,920 ठिपके रुंद असतो. माऊस 800 डीपीआयवर असेल तर बाण या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायला हात 2.4 इंच हलवावा लागतो. 12,800 वर तेच अंतर चार मिलिमीटरपेक्षा कमी भरतं, आणि 26,000 वर दोन मिलिमीटरही नाही. एवढ्या हालचालीवर नेम धरणारा हात कुणाचा असेल? नेमबाजीच्या गेममध्ये स्पर्धेला उतरणारे बरेचसे खेळाडू 400 ते 1,600 च्या दरम्यान खेळतात. म्हणजे ज्या आकड्यावर माऊस विकला जातो, तो जवळजवळ कुणीच वापरत नाही.

त्यातही स्वस्त माऊसमध्ये हा आकडा फुगवलेला असू शकतो. सेन्सर प्रत्यक्षात मोजतो 3,200 पावलं आणि चिप प्रत्येक पाऊल चार म्हणून कळवते. झाले 12,800! मोजणी बारीक झालेली नसते. बाण फक्त चार-चार ठिपक्यांच्या उड्या मारतो.

सेन्सरची खरी ताकद दुसऱ्या आकड्यात असते आणि तो खोक्यावर सहसा बारीक अक्षरांत सापडतो: आयपीएस, म्हणजे सेकंदाला किती इंच वेगापर्यंत माग सुटत नाही. पिक्सआर्ट या तैवानी कंपनीचा पीएमडब्ल्यू 3360 हा गेमिंग माऊसमधला नावाजलेला सेन्सर. त्याचा आयपीएस 250 आहे, म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटरहून जास्त. त्या वेगातही तो सेकंदाला 12,000 च्या आसपास फोटो काढत असल्याने दोन फोटोंच्या मध्ये माऊस जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकतो. मागच्या फोटोतल्या खुणा पुढच्या फोटोत शिल्लक राहतात आणि जुळणी होते. कच्च्या सेन्सरमध्ये हाताने झटका दिला की दोन फोटोंमध्ये सामाईक असं काही उरतच नाही. मग चिप अंदाज मारते, आणि नेम आकाशात नाही तर जमिनीत जातो. भाच्याची तक्रार नेमकी हीच होती.

त्याचा हात कच्चा की माऊस, हे पाहायला आम्ही घरीच एक परीक्षा घेतली. तुम्हीही घेऊ शकता. आधी विंडोजच्या माऊस सेटिंगमधली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ची खूण काढून टाकायची. ती असली की हात वेगात हलवल्यावर बाण मुद्दाम जास्त लांब पळवला जातो आणि परीक्षेला अर्थ राहत नाही. मग माऊस 400 डीपीआयवर ठेवायचा आणि दोन जाड पुस्तकं अशी लावायची की माऊसला त्यांच्यामध्ये दहा सेंटिमीटर सरकायला जागा राहील. पुस्तकं दुसऱ्या कुणीतरी दाबून धरलेली बरी. माऊस डाव्या पुस्तकाला टेकवायचा, बाण पडद्याच्या डाव्या कडेपासून बोटभर आत एखाद्या आयकॉनवर आणायचा. उजव्या पुस्तकापर्यंत सावकाश जायचं आणि झटक्यात परत यायचं. बाण त्याच आयकॉनवर आला पाहिजे. वर-खाली थोडा हलला तर हाताचा तिरपेपणा समजावा. पण आडवा फरक दर वेळी पडत असेल, तर दोष सेन्सरचा.

आमच्याकडे दहापैकी सात वेळा बाण आयकॉनपासून दूर, एकदा तर पडद्याच्या मध्यावरच राहिला. भाचा काही बोलला नाही. त्याने हळूच बँडेजवरून हात फिरवला.

आणखी दोन गोष्टी पाहता येतात. पेंट उघडून डीपीआय वाढवावा आणि एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढावी. रेघेला करवतीचे दाते आले तर सेन्सरमध्ये थरथर आहे. उलट, हात वाकडा जात असताना रेघ संशयास्पद सरळ आली तर माऊस परस्पर दुरुस्ती करतोय. कार्यालयात ते सोयीचं, गेममध्ये घातक. दुसरी गोष्ट उचलण्याची. कमी डीपीआयवर खेळणारा माणूस माऊस सतत उचलून पुन्हा मध्ये ठेवतो. हवेत असताना बाण हलता कामा नये. घरात जुन्या सीडी असतील तर त्या माऊसच्या दोन्ही कडांखाली द्याव्यात आणि मधला सेन्सर पॅडवर मोकळा ठेवावा. एका सीडीची जाडी 1.2 मिलिमीटर असते. दोन-दोन सीडींच्या उंचीवरही बाण चालत राहिला, तर उचलताना नेम ढळणार.

दुकानात मात्र या परीक्षा घेता येत नाहीत. लॅमिंग्टन रोडवर गर्दीच्या वेळी पुस्तकं मांडून बसलात तर विक्रेता काय म्हणेल ते सांगायला नको. तिथे एकच विचारावं: सेन्सरचं नाव काय? 3360, 3370, 3395 असं मॉडेल सांगता आलं किंवा कंपनीने स्वतःच्या सेन्सरचा आयपीएस छापलेला असला, तर पुढे बोलावं. ‘हाय प्रिसिजन ऑप्टिकल’ एवढंच लिहिलेलं असेल तर खोका परत ठेवावा. 3395 चा आयपीएस 650 आहे. पण 250 च्या सेन्सरची मर्यादाच बहुतेक हातांना गाठता येत नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. पोलिंग रेटचंही तसंच. साधा माऊस सेकंदाला 125 वेळा, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी खबर देतो, तर 1,000 हर्ट्झचा दर मिलिसेकंदाला. 8,000 वाले आता मिळतात, पण घरात साठ हर्ट्झचा पडदा असेल तर त्यावरचं चित्रच दर 16 ते 17 मिलिसेकंदांनी बदलतं.

उरलेले पैसे आणि उरलेलं लक्ष हाताकडे द्यावं. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजावा आणि माऊस प्रत्यक्ष धरून पाहावा. लहान हाताला मोठा माऊस दिला की बोटं ताणली जातात, आणि मनगट मागे वाकतं. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 14 निरोगी व्यक्तींच्या मनगटातल्या कार्पल टनेलमधला, म्हणजे तळव्याकडे जाणारी मध्यवर्ती नस ज्या अरुंद बोगद्यातून जाते तिथला दाब थेट मोजला होता. हात माऊसवर नुसता ठेवला असतानापेक्षा माऊस दाबून ओढताना तो सुमारे 12 मिमी पाऱ्याने वाढला, आणि अनेकांमध्ये नसेच्या कामावर परिणाम करू शकेल इतका झाला. वेगवेगळ्या आकारांचे तीन माऊस वापरूनही त्यांच्यात फारसा फरक आढळला नाही. मनगट मागे वाकवणं कमी करा, दाबून ओढण्याची कामं लांबवू नका आणि त्या हाताला अधूनमधून दुसरं काम द्या, अशी संशोधकांची शिफारस होती. ‘अर्गोनॉमिक’ हा शब्द पाहून जास्त पैसे मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

डीपीआय कमी ठेवण्याचा इथेही उपयोग होतो. मोठी हालचाल करायची म्हटली की कोपर आणि खांदा कामाला लागतात, सगळा भार मनगटावर येत नाही. त्यासाठी पॅड मोठा हवा आणि कोपराला टेबलाचा आधार हवा. हलका माऊसही बरा. साठ ग्रॅमच्या आसपासचे आता सहज मिळतात. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊ लागल्या, विशेषतः रात्री झोपेत, तर मात्र माऊस बदलण्याआधी डॉक्टरांकडे जावं.

भाच्याच्या बोटांत मुंग्या नव्हत्या, नुसतं दुखणं होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस खेळ बंद ठेवायला सांगितला, तो त्याने दहा दिवस ठेवला. नवा माऊस काळा आहे, बिनदिव्यांचा, 800 डीपीआयवर लावलेला. ‘‘मामा, हा अगदी बँकेतल्यासारखा दिसतो,’’ अशी त्याची कुरकुर आहे. सात रंगांचा माऊस ताईने सोसायटीच्या हिशेबासाठी घेतलाय. तिची काही तक्रार नाही. एक्सेलमध्ये तिला झटका मारावा लागत नाही.