दोन यंत्रे, एक घड्याळ

घरच्या संगणकावर गाणे मुद्रित करताना एका ऑडिओ इंटरफेसची तोंडे अपुरी पडली, की दुसरा आणून शेजारी जोडावा, असे कोणासही वाटेल. परंतु खरी अडचण तोंडांची नसून काळाची आहे. प्रत्येक यंत्र आवाजाचे सेकंदास, समजा, ४८,००० नमुने घेते आणि ते आपापल्या स्फटिकाच्या ठेक्यावर मोजते. गळा एका यंत्रात व तबला दुसऱ्यात घेतला आणि दोन स्फटिकांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, तर तासाभरात दोहोंत ७२ मिलिसेकंदांचे अंतर पडते. द्रुत लयीत सम निसटावयास एवढे पुरे. आणि रंगलेली मैफल काही पुन्हा घडत नाही.

उपाय असा, की एका यंत्रास प्रमुख नेमून दुसऱ्यास वर्ड क्लॉकच्या तारेने त्याचेच घड्याळ पाळावयास लावावे. ही सोय नसल्यास मॅक संगणक अनेक यंत्रांचे एक 'अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस' करून देतो. त्यात 'ड्रिफ्ट करेक्शन' चालू ठेवले, म्हणजे मागेपुढे होणारे नमुने गणिताने जुळवून घेतले जातात. विंडोजवर एएसआयओ पद्धतीत बहुतेक मुद्रणप्रणाली एका वेळी एकच ड्रायव्हर स्वीकारतात. म्हणून पहिलाच इंटरफेस घेताना मागील बाजूस एडॅटचे तोंड आहे ना, हे पाहावे. पुढे त्यात एका प्रकाशतंतूने आणखी आठ माइक, ४८,००० नमुन्यांच्या गतीने, एकाच घड्याळावर आणता येतात.